तिकिटाच्या आधी व्हिसाचं बघा, आणि ते मराठीत छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळीची बुकिंगं सुरू झालीत, रावपुऱ्यापासून अलकापुरीपर्यंत जिकडे बघाल तिकडे थायलंड, व्हिएतनाम, बाली, दुबईचे बोर्ड लागलेत आणि पेपरात अर्ध्या-अर्ध्या पानाच्या जाहिराती येतायत. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, उलट आपल्या बडोद्यातली साधी नोकरदार मराठी घरं आता परदेश बघायला निघतायत ह्याचा मला मनापासून आनंद आहे. पण ह्यात एक गोष्ट कायम उलटी होते म्हणून हे पत्र. आधी तारखा ठरतात, मग तिकीट, मग हॉटेल, मग बॅगा आणि स्वेटरं, आणि सगळं झाल्यावर घरातलं कोणीतरी विचारतं, "अहो पण व्हिसाचं काय?" खरं म्हणजे हा प्रश्न पहिला विचारायचा. देश कुठला घ्यायचा, किती दिवस राहायचं, विमान कुठे बदलायचं, पैसे कधी भरायचे, हे सगळं त्याच्या उत्तरावर ठरतं.

मी दांडिया बाजारात राहते. मुलगी बाहेर असल्यामुळे हे फॉर्म भरायची सवय झालीय आणि ओळखीपाळखीचे लोक पासपोर्ट घेऊन आमच्याकडे येतात, त्यामुळे माणसं नेमकी कुठे अडतात ते जवळून बघायला मिळतं. बहुतेक जण मोठ्या भानगडीत अडत नाहीत, अगदी साध्या गोष्टीत अडतात, आणि ती गोष्ट आधी कोणी मराठीत दोन ओळीत सांगितली असती तर अडले नसते.

सगळ्यात जास्त घोळ व्हिसा-फ्री देशांच्या यादीवरून होतो. ही यादी व्हॉट्सअपवर फिरते, पुरवण्यांमध्ये पण येते, आणि तिच्यावर तारीख नसते. तारीख नसेल तर त्या यादीचा काही उपयोग नाही असं माझं स्पष्ट मत आहे. थायलंडचंच बघा, नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्याला ३० दिवस बिनाव्हिसा सोडायला लागले, १५ जुलै २०२४ पासून ते ६० दिवस केले, आणि १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड सक्तीचं केलं जे पोचायच्या आधीच्या तीन दिवसात ऑनलाइन भरावं लागतं. आता २०२४ ची यादी बघून निघालेल्या माणसाला हे कार्ड माहीतच नसणार. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून आपल्याला ३० दिवसांची सूट दिली, ती ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवलीय, त्यांचंही असंच कार्ड आहे आणि तेही पोचायच्या आधीच्या तीन दिवसातच भरायचं. फिलिपिन्सने जून २०२५ मध्ये १४ दिवसांची सूट सुरू केली. आणि सूट काढून पण घेतात हं, सर्बियाने १ जानेवारी २०२३ पासून काढली, इराणने नोव्हेंबर २०२५ मध्ये थांबवली. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते, पैसे भरायच्या दिवशी एकदा आणि निघायच्या आठवड्यात परत एकदा त्या देशाच्या सरकारी साइटवर बघायचं, मधे कोणी काहीही सांगू दे.

आणि सरकारी साइट म्हणजे सरकारीच. गूगलवर शोधलं की वरती दिसतात त्यातल्या कितीतरी साइट खाजगी असतात, दिसायला अगदी सरकारी, झेंडा बिंडा लावलेला, आणि जे कार्ड फुकट आहे त्याचे डॉलरमध्ये पैसे घेतात. थायलंड आणि मलेशिया दोघांचंही अरायव्हल कार्ड फुकट आहे, एक रुपया लागत नाही. पत्त्याचा शेवट बघायचा, थायलंडचा असेल तर गो डॉट टीएच, मलेशियाचा जीओव्ही डॉट एमवाय, व्हिएतनामचा जीओव्ही डॉट व्हीएन. एवढी एक गोष्ट जरी पेपरात चौकटीत छापली तरी केवढ्या लोकांचे पैसे वाचतील.

दुसरं म्हणजे व्हिसा लागत नाही ह्याचा अर्थ काहीच लागत नाही असा लोक धरून चालतात. पासपोर्ट पोचायच्या दिवसापासून पुढे निदान सहा महिने चालू हवा, परतीचं किंवा पुढे कुठेतरी जायचं तिकीट हवं, राहायच्या जागेचा पत्ता हवा, खर्चाला पैसे आहेत हे दाखवता यायला हवं, आणि हे सगळं तिकडचा ऑफिसर विचारेल तेव्हा विचारेल, त्याच्या आधी आपल्याकडचा काउंटर विचारतो. कारेलीबागेतलं एक ओळखीचं जोडपं रात्रीच्या विमानाने अहमदाबादहून क्वालालंपूरला निघालं होतं, पुढे बँकॉक बघून तिथून परत यायचं होतं, आणि परतीचं तिकीट मुलाने दुसऱ्या कंपनीचं, स्वतःच्या फोनमधल्या अॅपवरून काढलेलं. काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट घेतले, काहीतरी टाइप केलं, स्क्रीन थोडी वळवून बघितली आणि शांतपणे म्हणाली, रिटर्न दाखवा. ह्यांच्याकडे कागद नाही, फोनमध्ये काही नाही, मुलगा पुण्याला झोपलेला. मागे लाइन वाढतेय, काकूंच्या हातात फराळाची पिशवी, काका परत परत फोन लावतायत. शेवटी मुलाने उचलला, तिकिटाची पीडीएफ आली आणि बोर्डिंग पास मिळाले. ती मुलगी काही आडमुठेपणा करत नव्हती. प्रवाशाला तिकडे आत घेतलं नाही तर त्याला परत आणायची जबाबदारी विमान कंपनीची असते, वर दंडही होतो, म्हणून त्यांच्याकडे टिमॅटिक नावाची एक यंत्रणा असते ज्यात प्रत्येक देशाचे नियम पासपोर्टप्रमाणे दिसतात, आणि त्यात जे दिसतं त्याच्या बाहेर काउंटरवाला जाऊ शकत नाही. तेव्हा सगळ्याचे छापील कागद, एका फायलीत, हातातल्या बॅगेत. चेक-इनच्या बॅगेत नाही.

आता नावांचं. हा विषय खास आपल्या लोकांचा आहे आणि ह्यावर कोणी नीट बोलत नाही म्हणून मी जरा लांबण लावणार आहे. आपल्याकडे स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. गुजरातमध्ये कितीतरी कागदांवर आडनाव पुढे येतं. आधारवर एक, पॅनवर दुसरं, बँकेत तिसरं. त्यातून बायकांची नावं लग्नात बदलतात, कधी आडनावच नाही तर पहिलं नावसुद्धा. आमच्या वाड्यातल्या एका वहिनींचा पासपोर्ट लग्नाआधीचा, माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या नावाचं, आणि भाच्याने तिकीट काढलं ते आधार बघून! ती दोन नावं शेजारी ठेवली तर दोन वेगळ्या बायका वाटतील. विमानाचं तिकीट, व्हिसा, अरायव्हल कार्ड, इन्शुरन्स, सगळं पासपोर्टवर जे आहे तेच, अक्षर न् अक्षर तेच असायला हवं. आधार काढायचंच नाही समोर. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर खाली दोन ओळी असतात बघा, बाणासारख्या खुणांच्या, मशीन त्या वाचतं, तर स्पेलिंग तिथलं धरायचं. सरनेमच्या रकान्यात काय आहे आणि गिव्हन नेमच्या रकान्यात काय आहे ते बघायचं, गिव्हन नेममध्ये वडिलांचं नाव असेल तर तिकिटातही ते त्याच रकान्यात जातं.

लग्न झालं म्हणून पासपोर्ट बदलायलाच हवा असा नियम नाही हे पण कितीतरी मुलींना माहीत नसतं, माहेरच्या नावाचा पासपोर्ट चालू आहे तोवर त्यावर खुशाल जाता येतं, सोबत लग्नाचं सर्टिफिकेट ठेवलं की बरं पडतं. बदलायचाच असेल तर री-इश्यूचा अर्ज करायचा, ३६ पानी पुस्तकाला १५०० रुपये आणि ६० पानीला २००० रुपये फी आहे, तत्काळला वर २००० लागतात, पण हे तिकीट काढायच्या आधी करायचं, कारण नवीन पासपोर्टचा नंबर नवीन येतो आणि जुन्या नंबरावर काढलेला व्हिसा मग अडचण करतो.

आणि ज्यांच्या पासपोर्टवर एकच नाव आहे, आडनावाचा रकाना मोकळा, त्यांनी दुबईचं बुकिंग करायच्या आधी थांबावं. नोव्हेंबर २०२२ पासून युएई एकाच नावाच्या पासपोर्टवर टुरिस्टला घेत नाही. हे जाहिरातीत कोणी लिहीत नाही.

व्हिएतनामला सध्या खूप लोक जातायत म्हणून त्याबद्दल. तिथे व्हिसा लागतो पण ऑनलाइन ई-व्हिसा मिळतो, १५ ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंतचा मिळायला लागला, एका प्रवेशाचा २५ डॉलर आणि अनेक प्रवेशांचा ५० डॉलर. आता लोक काय करतात, २५ वाचतात म्हणून एका प्रवेशाचा घेतात, आणि मग कोणीतरी सुचवतं की एवढं जाताच आहात तर मधे कंबोडियात अंकोरवाट बघून या. जायलाच हवं, मी तर म्हणते आवर्जून जा, पण कंबोडियाचा वेगळा व्हिसा लागतो, आणि व्हिएतनाममधून बाहेर पडलात की तुमचा तो एक प्रवेश संपला, परतीचं विमान हो ची मिन्हहून असेल तर परत आत शिरायला व्हिसाच नाही. ते वाचवलेले २५ डॉलर मग कुठल्या कुठे जातात. आणि अर्जात नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर ह्यात एक अक्षर चुकलं तर तो व्हिसा चालत नाही आणि फी परत मिळत नाही, म्हणून तिथे घाई करायची नाही, दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्यायचं.

यात्रेला जाणाऱ्या आपल्या ज्येष्ठ मंडळींसाठी नेपाळचं सांगते. पशुपतिनाथ, मुक्तिनाथला जायला व्हिसा लागत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, पण आधार कार्डावर विमानात बसवतील असं समजून लोक निघतात. १५ ते ६५ वयाच्या माणसाला पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र लागतं. ६५ च्या वरचे आणि १५ च्या खालचे असतील त्यांना वय आणि ओळख दाखवणारं फोटोचं दुसरं कार्ड चालतं, त्यात आधार पण येतं. म्हणजे आजोबा जातील आणि पन्नाशीची सूनबाई काउंटरवर अडकेल! भूतानलाही पासपोर्ट किंवा मतदार कार्डच, आधार नाही, आणि तिथे भारतीयांना प्रत्येक रात्रीची माणशी १२०० रुपये फी पण असते ती बजेटमध्ये धरावी लागते.

मुलाकडे-मुलीकडे अमेरिकेला पहिल्यांदा जाणारे आईवडील हा तर आपल्याकडे घरटी विषय. तिथे एक गैरसमज फार घट्ट बसलाय, व्हिसा दहा वर्षांचा मिळाला म्हणजे दहा वर्षात कितीही दिवस राहता येतं. तसं नाही. व्हिसावरची तारीख म्हणजे त्या तारखेपर्यंत तुम्ही दारात जाऊन उभं राहू शकता, आत किती दिवस राहायचं ते तिथला ऑफिसर विमानतळावर ठरवतो आणि ते आय-९४ नावाच्या प्रवेशाच्या नोंदीत लिहिलं जातं, तिथे पोचल्यावर मुलांनी पहिल्याच दिवशी ते ऑनलाइन उघडून तारीख बघावी आणि कॅलेंडरवर लिहावी. साधारण सहा महिने देतात पण देतातच असं धरून परतीचं तिकीट सहा महिने पुरे होतील त्या दिवसाचं काढू नका.

ह्यातच विमान बदलायचा प्रश्न येतो. मुलं तिकडून स्वस्त तिकीट शोधतात आणि आईबाबांना पाठवतात, ते कुठून जातं ते कोणी बघत नाही. लंडनला विमान बदलायचं असेल तर भारतीय पासपोर्टला नुसतं विमानतळावर थांबायला पण ट्रान्झिट व्हिसा लागतो, अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर त्यातून सूट मिळते, पण कॅरिबियनच्या एखाद्या बेटावर निघालेल्या माणसाकडे तो नसतो ना. आणि युरोपात दोनदा बदलायचं असेल, समजा आधी पॅरिस मग फ्रँकफर्ट, तर पॅरिस-फ्रँकफर्ट हा शेंगेनच्या, म्हणजे एका व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटाच्या, आतला प्रवास झाला, म्हणजे तुम्ही शेंगेनमध्ये शिरलात, त्याला शेंगेन व्हिसा हवा. दोन वेगवेगळी तिकिटं जोडून काढली असतील तर सामान बाहेर येऊन घ्यावं लागतं आणि सामान घ्यायला बाहेर येणं म्हणजे त्या देशात प्रवेश. म्हणून आईवडिलांना एकाच तिकिटावर, कमीत कमी बदलांचं, थोडं महाग असलं तरी चालेल.

युरोपचं थोडक्यात. शेंगेनमध्ये आता २९ देश आहेत, एका व्हिसावर सगळीकडे फिरता येतं, कुठल्याही १८० दिवसात जास्तीत जास्त ९० दिवस. ब्रिटन आणि आयर्लंड त्यात नाहीत, त्यांचं वेगळं. अर्ज ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे करायचा, सगळीकडे सारखेच दिवस असतील तर जिथे पहिल्यांदा उतरणार त्याच्याकडे. फी ११ जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, त्याखालच्यांना नाही. ३० हजार युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि निकाल साधारण १५ दिवसात येतो पण कधी ४५ दिवसही लागतात, तेव्हा मे महिन्यात जायचं असेल तर एप्रिलमध्ये जागं होऊन चालत नाही, अपॉइंटमेंटच मिळत नाही. नाकारला तर फी परत नाही. पैसे परत न मिळणारं तिकीट व्हिसा हातात यायच्या आधी काढू नका, रिझर्व्हेशनवर अर्ज करा.

एजंटांबद्दल बोलायलाच हवं. चांगले एजंट आपल्या गावात आहेत, वर्षानुवर्षं प्रामाणिकपणे काम करणारे, आणि ज्यांना कॉम्प्युटर जमत नाही त्यांना त्यांचा मोठा आधार आहे. पण एकाने आमच्या ओळखीच्या घराला सांगितलं की बँकेत शिल्लक कमी दिसतेय तर तीन दिवसांसाठी मी पैसे टाकतो, व्हिसा गॅरंटीड. हे ऐकून मला राग आला. कुठलाही एजंट व्हिसाची गॅरंटी देऊ शकत नाही, तो निर्णय वकिलातीचा असतो, आणि खात्यात एकाएकी आलेली रक्कम तिथे लगेच डोळ्यात भरते. खोटं बुकिंग, खोटं नोकरीचं पत्र, फुगवलेलं खातं ह्याने एकदा नकार आला की तो शेंगेनच्या सिस्टिममध्ये नोंदला जातो, पुढे अमेरिका, ब्रिटनच्या फॉर्ममध्ये पण आधी कधी नकार मिळाला का हे विचारतात, म्हणजे तीन दिवसांच्या पैशासाठी माणूस पुढची कितीतरी वर्षं ओझं वाहतो. सही तुमची असते, एजंटची नसते. फॉर्म सबमिट करायच्या आधी पूर्ण भरलेला वाचायला मागा, आणि देत नसेल तर तिथून उठा.

अजून एक, आणि हे तरुण मुलांच्या घरच्यांनी वाचावं. व्हिसा-फ्री प्रवेश फिरायला असतो, कामाला नसतो. बँकॉकला डेटा एंट्रीची नोकरी, व्हिसाची गरज नाही, तिकीट आम्ही देतो, असं कोणी म्हणालं तर समजून जा. अशी मुलं थायलंडमार्गे म्यानमारला नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबली गेली, मार्च २०२५ मध्ये आपल्या वायुदलाच्या विमानांनी शेकडो जणांना परत आणावं लागलं. परराष्ट्र खात्याच्या ई-मायग्रेट साइटवर नोंदलेल्या भरती एजंटांची यादी आहे, तिथे नाव नसेल तर पैसे काय, पासपोर्टची झेरॉक्सपण देऊ नये.

आता माझी मागणी. संपादकसाहेब, आपण पर्यटनाच्या पुरवणीत देशांचे सुंदर फोटो छापता, त्याच पानावर एक कायमची चौकट ठेवा, त्या देशात जायला आपल्या पासपोर्टला काय लागतं, किती दिवस मिळतात, फी किती, सरकारी साइट कुठली, आणि ही माहिती कुठल्या तारखेला बघितली. तारीख छापलीच पाहिजे. व्हिसा-फ्री देशांची यादी छापाल तेव्हा प्रत्येक नावापुढे अट लिहा, जागा नसेल तर देश कमी करा. जाहिरात देणाऱ्या कंपन्यांनाही सांगा की पॅकेजच्या किमतीत व्हिसा धरलाय की नाही आणि नाकारला तर किती पैसे परत मिळणार ते त्याच जाहिरातीत वाचता येईल एवढ्या अक्षरात टाका.

दुसरी मागणी आपल्या मध्यवर्ती ग्रंथालयाकडे, आपल्यामार्फत. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन ह्यांना अमेरिकेहून बोलावून ही ग्रंथालयं उभी केली, पेट्यांमधून गावोगाव पुस्तकं पाठवली, ती लोकांना लागणारी माहिती लोकांच्या भाषेत त्यांच्या दारात मिळावी म्हणूनच. त्या मांडवीच्या इमारतीत महिन्यातून एक शनिवार दोन तास, मराठी आणि गुजराती दोन्हीत, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि फॉर्म समजावून सांगणारी दोन माणसं एवढंच हवंय. बँकेतून, कॉलेजातून निवृत्त झालेली, मुलांकडे जाऊन आलेली कितीतरी माणसं ह्या शहरात आहेत जी हे आनंदाने करतील, मी स्वतः यायला तयार आहे आणि माझ्या ओळखीच्या अजून काही जणींना विचारून ठेवलंय.

दिवाळीच्या प्रवासासाठी शेंगेनचे अर्ज आत्ताच करावे लागणार आणि थायलंड-मलेशियाची कार्डं पोचायच्या आधीच्या तीन दिवसात, तेव्हा पहिली चौकट येत्या रविवारीच आली तर ह्याच वर्षी निघालेल्या लोकांना तिचा उपयोग होईल.

आपली,
एक नियमित वाचक
दांडिया बाजार, बडोदा